आधी भाडेकरू बघा, मग फ्लॅट!

रविवारची प्रॉपर्टी पुरवणी, चकाचक सॅम्पल फ्लॅट आणि ‘भाडं काय हो, सहज येईल’ म्हणणारा एजंट. पहिला बोनस मिळाला, बाबा रिटायर झाले किंवा बँकेत थोडे पैसे साठले की हे तिन्ही एकदम आपल्या आयुष्यात येतात. भाड्यासाठी घर घ्यायचं असेल, तर ते कोणासाठी घ्यायचं आणि कुठे घ्यायचं? माझ्या घरात नुकतीच झालेली ही गोष्ट, तुमच्या घरात होण्याआधी वाचून ठेवा.

शनिवारी दुपारी साडेतीनला बाबांचा फोन आला. एरवी ते रात्री फोन करतात, ‘जेवलीस का, गाडी सावकाश चालव’ एवढं बोलून ठेवतात. त्या दिवशी आवाजात वेगळाच जोश होता.

“अगं, पुण्यातच आहे मी. पुनावळ्यात. चेकबुक आणलंय बरोबर. एक्कावन्न हजारांचं टोकन द्यायचंय, तेवढं आज दिलं की रेट फिक्स!”

झालं असं होतं, की सांगलीत प्रॉपर्टीचं प्रदर्शन भरलं होतं. तिथून साइट बघायला फुकट एसी बस, बसमध्ये नाश्ता, साइटवर जेवण. बाबा आणि त्यांचा कंपनीतला मित्र, दोघं सहलीला निघाल्यासारखे आले होते. मी स्कूटीला किक मारली आणि भूमकर चौकातल्या ट्रॅफिकला मनातल्या मनात शिव्या घालत पुनावळ्यात पोहोचले.

आता बाबांचं थोडं सांगते. एका खाजगी कारखान्यात पस्तीस वर्षं काढून ते साठीला रिटायर झाले. सरकारी नोकरी नव्हती, त्यामुळे पेन्शन म्हणजे पीएफ ऑफिसकडून येणारे महिन्याचे तीन हजारांच्याही आतले पैसे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि गावच्या घराच्या वाटणीचे मिळून ५५ लाख हातात होते. आई आणि बाबांचं पुढचं सगळं आयुष्य या ५५ लाखांवर चालायचं होतं. घर भाड्याने द्यायचं आणि भाड्यात महिना काढायचा, असा बाबांचा साधा, सरळ प्लॅन.

सेल्स ऑफिसमध्ये टाय लावलेला, माझ्याच वयाचा मुलगा होता. मी त्याला सहज विचारलं, “किती फ्लॅट आहेत या प्रोजेक्टमध्ये?”

“सहाशे, मॅडम.”

“आणि राहण्यासाठी घेणारे किती?”

“मॅडम, ऐंशी टक्के इन्व्हेस्टर आहेत! एकदम हॉट प्रॉपर्टी!”

त्याला वाटलं, मी इम्प्रेस होईन. माझ्या पोटात मात्र गोळा आला. सहाशेचे ऐंशी टक्के म्हणजे चारशे ऐंशी. पझेशन मिळाल्याबरोबर एकाच गेटच्या आत, एकाच साइजचे, एकाच रंगाचे चारशे ऐंशी फ्लॅट एकदमच भाड्याला लागणार. भाडेकरू कोणाचा फ्लॅट घेणार? जो पाचशे रुपये कमी सांगेल त्याचा! मग शेजारचा हजार कमी करणार. त्या रांगेत माझे बाबा सांगलीहून फोन लावत बसणार.

“बाबा, आज नको,” मी म्हटलं.

बाबा चिडले. साहजिक आहे, मित्रासमोर पोरीने अडवलं. बाहेर टपरीवर चहा घेताना म्हणाले, “तुला गं काय कळतंय यातलं? स्वतःचं घर नाही, नऊ वर्षांत सहा घरं बदललीस!”

आणि बॉस, तिथेच माझी ट्यूब पेटली. सहा घरं बदलली, म्हणूनच तर मला कळतं! भाडेकरू घर का घेतो आणि का सोडतो, हे सेल्समनपेक्षा आणि घरमालकापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

सहा घरांची डायरी

त्या रात्री बाबा माझ्याच रूमवर मुक्कामाला होते. मी वही काढली आणि माझी सहा घरं एकाखाली एक लिहिली. प्रत्येकापुढे दोन रकाने. का घेतलं? का सोडलं?

पहिलं होतं कॉलेजजवळचं, तीन मुलींत एक वन बीएचके. घेतलं कारण चालत पाच मिनिटं आणि खाली मेस. सोडलं कारण कोर्स संपला. दुसरं घर हिंजवडीच्या फेज थ्रीकडे. मैत्रिणीच्या आयटी कंपनीला जवळ, इमारत नवीकोरी, जिम, स्विमिंग पूल, सगळं होतं. सात महिन्यांत सोडलं! कारण रात्री साडेआठनंतर शेअर रिक्षा मिळेना आणि उन्हाळ्यात टँकर आला नाही की बादलीभर पाण्यात दोघींच्या आंघोळी. स्विमिंग पुलात मी एकदाही उतरले नाही. तिसरं विमाननगरला, भारी एरिया, पण भाडं दर अकरा महिन्यांनी उडी मारायचं. चौथ्या घराच्या मालकाने निघताना डिपॉझिटमधून ‘भिंतीला खिळे’ म्हणून आठ हजार कापले, त्याचं नाव काढलं तरी अजून डोकं फिरतं. पाचवं आणि सहावं कर्वेनगरात. सहाव्यात मी चार वर्षं आहे. लिफ्ट नाही, इमारत जुनी, बाल्कनीतून दिसतो तो समोरच्यांचा वाळत घातलेला संसार. तरी का टिकले? पाणी आहे, बस आहे, किराणा, डबा, इस्त्रीवाला, दवाखाना सगळं चालत, आणि रात्री दहाला घरी येताना रस्त्यावर माणसं असतात.

बाबांनी वही दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे पूल बघून कोणी टिकत नाही तर.”

भाड्याच्या घराचा सगळा फंडा या एका वाक्यात आहे, मंडळी. राहायला घर घेताना आपण स्वतःचं स्वप्न बघतो. भाड्यासाठी घेताना दुसऱ्याचा सोमवार बघायचा असतो. तो किती वाजता निघतो, कशाने जातो, रात्री कुठे जेवतो, पाणी किती वाजता भरतो. भाडेकरू कोण असणार हे आधी ठरवायचं. मग त्याच्या पायाखालचा एरिया शोधायचा. फ्लॅट सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, आधी फ्लॅटच्या प्रेमात पडतो आणि मग त्याच्यासाठी भाडेकरू शोधत फिरतो.

पाकिटामागचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना आम्ही पुनावळ्याच्या फ्लॅटचा हिशेब मांडला. ब्रोशरवरची किंमत ४८ लाख. बांधकाम चालू असलेलं घर, म्हणून ५ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ४० हजार. (घर ४५ लाखांच्या आत आणि ठरावीक कार्पेट एरियाच्या आत असतं तर १ टक्का लागला असता. बांधकाम पूर्ण होऊन कम्प्लिशन मिळालेल्या घराला तर जीएसटी नाहीच.) स्टॅम्प ड्युटी मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी फी ३० हजार. एकूण ५४ लाख ६ हजार. म्हणजे बाबांच्या खात्यात उरणार जेमतेम ९४ हजार!

आता उत्पन्न. त्या भागात तशाच वन बीएचकेला १७ हजार भाडं मिळत होतं. वर्षाचे २ लाख ४ हजार. सेल्समनचा हिशेब इथे संपतो, आपला इथून सुरू होतो. भाडेकरू बदलताना वर्षात एक महिना घर रिकामं धरा, १७ हजार गेले. मेंटेनन्स महिना अडीच हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार. प्रॉपर्टी टॅक्स ९ हजार धरला. रंग, नळ, गीझर, एजंटची फी मिळून ८ हजार. उरले १ लाख ४० हजार. ५४ लाखांवर हे झाले २.६ टक्के! महिन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास. आणि तेही तीन वर्षांनी, पझेशन मिळाल्यावर. तोपर्यंत शून्य.

“पण पझेशनपर्यंत ते लोक दरमहा भाडं देणार म्हणालेत की,” बाबा म्हणाले.

ही ‘खात्रीचं भाडं’ नावाची गंमत नीट समजून घ्या. ज्या घराच्या भिंती अजून उभ्या नाहीत, त्याचं भाडं कोण भरणार? तुमच्याच किमतीत ते आधीच मिळवलेलं असतं आणि तुम्हालाच हप्त्याहप्त्याने परत मिळतं. बिल्डरचं गणित चुकलं की पहिल्यांदा बंद होतं तेही हेच.

मग मी बाबांना जास्त कडू गोष्ट सांगितली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२५ मध्ये ८.२ टक्के व्याज मिळत होतं, मर्यादा माणशी ३० लाख. सगळे ५५ लाख योजनेत आणि बँकेत ठेवले, तर पहिल्या दिवसापासून कोणत्याही फ्लॅटपेक्षा जास्त पैसे दरमहा हातात येतात. पुण्यातलं घरभाडं बँकेच्या व्याजाला हरवत नाही, हे सेकंड होमवाला कोणी तुम्हाला सांगत नाही.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “व्याज आज जेवढं तेवढंच दहा वर्षांनी. भाडं वाढतं. मी ऐंशीचा होईन तेव्हा दूध काय भावाने असेल?”

मुद्दा खरा होता. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवणारे मालक मी सहा वेळा भोगलेत! मग आम्ही ठरवलं, सगळे पैसे एका घरात घालायचे नाहीत. छोटं, तयार घर, आणि उरलेल्याचं व्याज. घराची किंमत वाढली तर बोनस, पण त्या आशेवर महिन्याचं बजेट लावायचं नाही.

लोकेशन बघायला रविवारी जाऊ नका

पुढचे दोन महिने आम्ही घरं बघितली. बाबा दर दुसऱ्या आठवड्याला एसटीने यायचे, पाण्याची बाटली आणि छोटी वही घेऊन. पहिला नियम मी घातला, की साइट रविवारी बघायची नाही. एजंट तुम्हाला रविवारी सकाळीच बोलावतो, कारण तेव्हा पुण्यातला प्रत्येक फ्लॅट प्रत्येक ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर असतो! आम्ही सोमवारी सकाळी साडेआठला वाकडहून हिंजवडीकडे निघालो. बाबांनी वहीत लिहिलं, ‘अंतर थोडं, वेळ फार.’

दुसरा नियम, कागदावरच्या रस्त्यावर आणि कागदावरच्या मेट्रोवर एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरमध्ये झालं. तेव्हापासून तिकडच्या प्रत्येक ब्रोशरवर मेट्रोचा फोटो आहे. मार्च २०२५ ची मुदतही हुकली. मेट्रो येते तेव्हा भागाचं भलं होतंच, पण मधल्या वर्षांत भाडेकरू खोदलेल्या रस्त्यातून जातो आणि तेवढं भाडं कमी देतो. उलट वनाज–रामवाडी मार्गाचा पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये गाडी रामवाडीपर्यंत गेली. अशा स्टेशनवर आज उभं राहून गर्दी मोजता येते. जी मोजता येते तिच्यावर पैसे लावावेत.

तिसरा नियम पाण्याचा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. बाणेर-बालेवाडीत तर पाण्याचा प्रश्न २०१६ मध्ये हायकोर्टापर्यंत गेला होता. पाणी कमी म्हणजे टँकर, टँकर म्हणजे मेंटेनन्स, आणि तो भरणार मालक. त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसमध्ये जाऊन एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. दाखवायला का-कू केलं, तर उत्तर मिळालंच असं समजा.

चौथा नियम बाबांनी शोधला. ते एजंटशी कमी बोलायचे आणि वॉचमनशी जास्त. “काय मामा, किती बोर्ड लागलेत टू-लेटचे? किती दिवस?” इस्त्रीवाला तर सोसायटीचा चालता-बोलता रजिस्टर असतो. कोण आलं, कोण गेलं, कोणते फ्लॅट चार-चार महिने बंद आहेत, सगळं त्याच्या गाठोड्यात. एका चकाचक सोसायटीतल्या इस्त्रीवाल्याने आम्हाला सांगितलं, “काका, या विंगमध्ये माझी गिऱ्हाइकं अर्धीच राहिली.” आम्ही तिथूनच परत फिरलो.

एका पायावरची गल्ली

एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घोळत होता. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि आयटीतली पोरं लॅपटॉप घेऊन गावाला गेली. माझ्या कॉलेजमधल्या एका मित्राने आदल्याच वर्षी कर्ज काढून आयटी पार्कजवळ टू बीएचके घेतला होता. भाडं बंद, ईएमआय चालू. वर्षभर त्याने स्वतःच्या पगारातून दोन घरांचे पैसे भरले, आपल्या भाड्याच्या घराचे आणि त्या रिकाम्या घराचे. त्यालाच मी विचारलं, “काय चुकलं रे?”

तो म्हणाला, “फ्लॅट चांगलाच होता. पण त्या रस्त्यावर राहणारा प्रत्येक माणूस एकाच गेटमधून कामाला जायचा. गेट बंद, गल्ली बंद.”

कॉलेजं तरी कुठे चालू होती? स्टुडंट एरियाही तेव्हा ओस पडले. त्यातल्या त्यात टिकले ते एरिया, जिथे भाडेकरू तीन-चार प्रकारचे होते. पोरं गेली तर फॅमिली, फॅमिली गेली तर दवाखान्यात काम करणारे. गल्ली एका पायावर उभी नको, असं आम्ही वहीत ठळक लिहिलं.

आणि मग नजर गेली ती जिथे मी चार वर्षं राहते, त्याच कर्वेनगरावर. इथे हिंगण्याला महर्षी कर्व्यांची स्त्रीशिक्षण संस्था, तिच्या कॅम्पसमध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. शाळेसाठी येऊन राहणाऱ्या फॅमिली. डेक्कनला, कर्वे रोडला नोकरी करणारे. कोथरूडच्या बाजूला मेट्रो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं!

जुनी बिल्डिंग, नवे प्रश्न

घर मिळालं ते दुसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके. लिफ्ट नाही, कारचं पार्किंग नाही. पण आमची भाडेकरू कारने येणारच नव्हती! किंमत ४० लाख. महिलेच्या एकटीच्या नावावर घर घेतलं, तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे. त्यामुळे घर आईच्या नावावर. सहा टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, नोंदणीचे ३० हजार, आणि वायरिंग, बाथरूम, रंग, दोन पलंग, कपाटं मिळून दीड लाख. एकूण ४४ लाख २० हजार. एक लक्षात ठेवा, घर आईच्या नावावर असलं तरी पैसे बाबांचे, म्हणून इन्कम टॅक्सच्या हिशेबात हे भाडं बाबांचंच उत्पन्न. त्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते.

भाडं २० हजार. वर्षाच्या २ लाख ४० हजारांतून रिकाम्या महिन्याचे २०, मेंटेनन्सचे १२, टॅक्सचे ६ आणि दुरुस्तीचे १२ हजार वजा केले. उरले १ लाख ९० हजार, म्हणजे ४.३ टक्के. फार ग्रेट नाही, पण २.६ पेक्षा कितीतरी बरे. उरलेल्यातले दहा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, त्याचे वर्षाला ८२ हजार. दोन्ही मिळून महिन्याला साडेबावीस हजारांवर. बाकीचे पैसे आजारपणासाठी बँकेत.

जुन्या घराच्या भानगडीही जुन्याच असतात, हे लपवत नाही. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, ते विचारा. इमारत तीस वर्षांच्या पुढे गेली असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, तो रिपोर्ट मागा. रिडेव्हलपमेंटची चर्चा असेल तर दोन्ही बाजूंनी विचार करा. पुढे मोठं घर मिळेल, पण मधली वर्षं भाड्याचा भरवसा बिल्डरवर.

आणि टोकन देण्याआधी सेक्रेटरींना भेटाच. बाबा भेटले. पहिलंच वाक्य आलं, “बॅचलर्सना देणार असाल तर आमच्याकडे प्रॉब्लेम आहे.” बाबांनी शांतपणे विचारलं, “मुली कॉलेजच्या असतील, चालेल का? कागदावर द्या.” ते कागदावर मिळेपर्यंत आम्ही चेक लिहिला नाही. भाड्याने दिलेल्या घराला सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. मेंटेनन्सच्या दुप्पट मागणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात. भांडू नका, आदेशाची प्रत ठेवा.

अकरा महिन्यांचा कागद

‘ओळखीतल्याच मुली आहेत, कशाला अॅग्रीमेंट?’ असं आईने म्हटलंच. आमच्या घरात या एका विषयावर मी हिटलर झाले! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. वर मालकाला दंड किंवा कैदेचीही तरतूद आहे. करार नोंदवलेला असला आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते.

खर्च किती? अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. आमच्या २० हजार भाड्याला आणि ६० हजार डिपॉझिटला ती आली ५६४ रुपये, शहरातली नोंदणी फी हजार. आधार आणि अंगठा लावून घरबसल्या होतं. भाडेकरूंची माहिती पोलिसांनाही कळवली. एवढ्यासाठी ४० लाखांच्या घराचा कागद लटकत ठेवायचा?

टोकन देण्याआधी, दहा मिनिटांची चेकलिस्ट

• भाडेकरू कोण? एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर घर बघायला जाऊ नका.
• त्याच गेटच्या आत भाड्याला लागणारी अशीच किती घरं आहेत?
• एरियात किमान दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे भाडेकरू आहेत का?
• सोमवारी सकाळी, रात्री दहानंतर आणि एकदा धो धो पावसात चक्कर मारा.
• उन्हाळ्यातली टँकरची बिलं बघा.
• भाडं धरताना वर्षाचे अकराच महिने धरा.
• किमतीत जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि डागडुजी मिळवूनच टक्केवारी काढा.
• नवा प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या नोंदीत पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते बघा.
• सेक्रेटरींचं म्हणणं कागदावर घ्या.
• कर्ज काढलं असेल तर सहा महिने भाडं आलं नाही तरी हप्ता भरता येईल का?

जूनमध्ये दोन मुली राहायला आल्या, एक लातूरची, एक रत्नागिरीची. चावी द्यायला बाबा स्वतः सांगलीहून आले होते. त्यांनी आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक पलंगाशेजारी एक प्लग पॉइंट काढून घेतला होता. आणि भिंतीला आधीच सहा-सहा हुक ठोकून ठेवले होते.

“खिळ्यांचे पैसे कापायचे नाहीत म्हणून,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

पुनावळ्याच्या ऑफिसमधून अजून फोन येतात. ‘सर, शेवटचे चार फ्लॅट राहिलेत.’ बाबा आता त्यांना एकच प्रश्न विचारतात, “बाकीच्या पाचशे शहाण्णवमध्ये राहायला कोण येणार आहे हो?” फोन आपोआप ठेवला जातो.

आणि मी? मी अजून भाड्यानेच राहते, दोन गल्ल्या सोडून. माझ्या मालकांनी परवाच भाडं दीड हजारांनी वाढवलं. मी बाबांकडे तक्रार केली, तर म्हणाले, “एरिया चांगला आहे गं, वाढणारच!”